गोठ्यात ठेव, पण ठेव

पुसेगावातून सेनगावकडं निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘रुपा वेल्डिंग वर्क्स’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘हळदीचे कुकर, ट्रॉली, गेट’. कुकर म्हणजे घरातला नव्हे. ओली हळद वाफेवर शिजवायच्या त्या लोखंडी टाक्या. हळदीच्या हंगामात ह्या भागात टाक्यांना उसंत नसते आणि त्यांचे फुटके जोड सांधणाऱ्या प्रेमदास राठोडलाही नसते.

त्याच्याशी पहिल्यांदा बोलणारा माणूस दचकतो. आवाज इतका घोगरा, की बरेचजण न विचारता सल्ला देऊन जातात, “तंबाखू सोडा, भाऊ.” प्रेमदास सुपारीचं खांडही तोंडात टाकत नाही. पण तो “बराबर आहे” म्हणतो, काच डोळ्यांपुढं धरतो आणि कामाला लागतो. हा घसा तंबाखूनं नव्हे, गाण्यानं गेलाय, हे कोणाला सांगायचं? आणि ते गाणं ऐकवलं असतं, तर पुसेगावातल्या एकाही माणसानं त्याला गाणं म्हटलं नसतं.

प्रेमदासचा तांडा गावापासून तीनेक किलोमीटरवर, माळाच्या कडेला. घरात आई बेबीबाई, वय सत्तरीच्या आसपास. आणि भाची आरोही, जी परवापर्यंत होती. त्या ‘परवापर्यंत’चीच ही हकीकत आहे, पण तिला मागून सुरुवात केल्याशिवाय इलाज नाही.

बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी नुसती रडत नाही, सुरात रडते. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. सासरी निघायच्या आधी ती एकेकाच्या गळ्यात पडते. आईच्या, बापाच्या, काकूच्या, शेजारणीच्या. आणि प्रत्येकाला सांगून रडते. चाल ठरलेली, बरेचसे शब्द ठरलेले, मधे आपलं काही घालायला थोडी जागा मोकळी. लग्नाच्या महिनाभर आधीपासून वडीलधाऱ्या बाया पोरीला बसवून ते शिकवतात. बाहेरच्या माणसाला ह्याचं हसू येतं. रडायलाही शिकवणी लागते होय! ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. आमच्याकडं तर स्वयंपाक शिकवतात, सही शिकवतात, देवापुढं हात जोडायला शिकवतात. मग आयुष्यातलं सगळ्यात अवघड रडणं तेवढं पोरीनं आपलं आपण उरकावं, असं का?

बेबीबाई ह्या कामातली तांड्यावरची पहिली बाई. आजूबाजूच्या तांड्यांवरूनही तिला बोलावणं यायचं. ती पोरींना एकच गोष्ट परत परत सांगायची, “पोटातून रड, पोरी. गळ्यातून रडशील तर बापापर्यंत पोचायच्या आधीच आवाज बसंल.”

दोन हजार चार साली तिच्या स्वतःच्या लेकीचं, रुपाचं लग्न झालं. रुपाला अठरा पुरी व्हायला अजून आठ महिने होते. प्रेमदास पंधरा वर्षांचा, ओठावर कोवळी मिशी, अंगात नवा शर्ट, आणि मागं शाळेतले चार मित्र उभे. रुपा सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली आणि शेवटी भावाच्या गळ्यात पडली. तिनं त्याच्या खांद्याला घट्ट धरलं आणि एक ओळ म्हटली. गोरमाटीतली, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीतली, ती ओळ मराठीत सांगायची तर अशी, “गोठ्यात ठेव, पण ठेव. अळणी भाकर दे, पण ठेव.” तीन वेळा म्हटली. तिसऱ्या वेळी तिचा सूर फाटला. जमलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले आणि मिराबाई नावाची शेजारची म्हातारी भरल्या गळ्यानं म्हणाली, “पोरगी रडावी तर अशी!”

प्रेमदासला मित्रांपुढं लाज वाटून राहिली होती. रुपाला जीपमध्ये बसवल्यावर तो मागं वळला आणि हसून म्हणाला, “ताई पयल्या नंबरानं पास झाली रे.”

दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना त्याला खांद्यावर नखांचे चार वळ दिसले. तीन दिवस होते. मग गेले.

रुपाचा नवरा ऊसतोडीला जाणारा. दिवाळी झाली की ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी घालून निघायचं आणि उन्हाळा लागता लागता परत यायचं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसं मोजायची तसदी कोणी घेत नाही. असे सात हंगाम रुपानं काढले. आरोही तिला फडाजवळच्या पाचटाच्या कोपीतच झाली. आठव्या हंगामात, दोन हजार बाराच्या जानेवारीत, रुपाला ताप भरला. मुकादम म्हणाला, एवढा फड निघू दे, मग दवाखान्यात नेऊ. नवऱ्यानं मान डोलावली. फड पाचव्या दिवशी निघाला. रुपा त्याच दिवशी दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच गेली. आरोही तेव्हा सहा वर्षांचीही नव्हती.

त्या वेळी प्रेमदास पुण्यात होता. मेकॅनिकल डिप्लोमासाठी गेला होता, डिप्लोमा झाल्यावर भोसरीत एका वर्कशॉपला लागला होता. खोलीत त्याच्या जोडीला कुरुंद्याचा शिवशंकर होता. शिवशंकरच्या घरी चाळीस एकर बागायत. त्याला राग कशाचा येतो, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण गिटार हातात आली की त्याच्या भुवया चढायच्या. मेटल संगीत म्हणजे काय, हे प्रेमदासनं त्याच्याच हेडफोनमध्ये पहिल्यांदा ऐकलं. त्याला ते ग्राइंडर लोखंडावर टेकवल्यासारखं वाटलं. आवडलं. दिवसभर वर्कशॉपमध्ये जो आवाज त्याचे कान खायचा, तोच इथं कोणीतरी तालात बसवला होता.

पुण्यातल्या ह्या मेटलवाल्यांची दुनिया मोठी मजेशीर. काळे टी-शर्ट, मानेखाली केस, आणि पोटात वडापाव. तिथं कोणी प्रेमदासला जात विचारली नाही, तांडा विचारला नाही. त्याला ह्याचंच इतकं अप्रूप वाटलं, की तो त्या पोरांवर जीव टाकायला लागला. ती मंडळी विचारायची एकच, राग खरा आहे का? सगळ्यात मोठी शिवी ‘पोझर’. म्हणजे सोंगाड्या. ज्याच्या पोटात काही नाही आणि जो नुसता ओरडतो, तो पोझर. आईबापांनी घेऊन दिलेल्या गाडीवरून येणारी पोरंही एकमेकांच्या रागाची अशी कसून तपासणी करायची, की ज्याचं नाव ते.

प्रेमदासचा आवाज मुळातच पोटातून यायचा. शिवशंकरनं त्याला बँडमध्ये ओढलं. बँडचं नाव ‘कोयता’. ते नावही शिवशंकरनंच सुचवलं. प्रेमदासची बहीण कुठं असते, हे त्याला माहीत होतं आणि नाव दणकट वाटत होतं.

ओरडायचं कसं, हे त्याला शिकवलं प्रतिक्षानं. ती दिवसा बँकेत काउंटरवर बसायची आणि शनिवारी दुसऱ्या एका बँडमध्ये अशी गुरगुरायची, की नवखा माणूस दोन पावलं मागं सरकावा. तिनं त्याला श्वास शिकवला, घशाचा कोणता भाग ढिला सोडायचा ते शिकवलं, कोमट पाणी प्यायला लावलं. “राग पोटात ठेव,” ती म्हणाली. “घशात आणलास तर महिनाभरात मुका होशील. आतून शांत राहायचं.”

“आतून शांत राहायचं, मग हे खोटं न्हाई का झालं?” त्यानं विचारलं.

“रोज खरंखरं चिडून बघ,” प्रतिक्षा म्हणाली. “किती दिवस टिकतोस ते मला येऊन सांग.”

त्याला एकदम आईची आठवण आली. पोटातून रड, पोरी. पण बँकेतल्या बाईला ढावलो कुठं समजावून सांगत बसणार?

रुपाचे दिवस करून प्रेमदास पुण्याला परतला, तेव्हा तालमीच्या खोलीत कोणी त्याच्याशी धड बोलेना. काय बोलावं हे त्या पोरांना कळत नव्हतं. ड्रमवाल्यानं उगीच एक ताल धरला. प्रेमदास माईकपाशी गेला आणि त्याच्या तोंडून ती ओळ आली. गोठ्यात ठेव, पण ठेव. आठ वर्षं ती ओळ त्याच्या डोक्यात आलीही नव्हती. बाकीचं रडणं रीतीचं असेल, पण ही एक ओळ ताईची स्वतःची होती, ती मला खरंच सांगत होती आणि मी तिला पास करून मोकळा झालो, हे त्याला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं. शिवशंकरनं गिटार थांबवली. मग हळूहळू परत धरली. त्या दिवशी गाणं तयार झालं.

पहिल्या कार्यक्रमाला दीड-दोनशे पोरं होती. प्रेमदासनं प्रतिक्षाची सगळी शिकवण गुंडाळून ठेवली आणि घशातून ओरडला. शेवटच्या ओळीला तोंडात रक्ताची चव आली. समोर पोरं एकमेकांवर आदळत होती, मुठी वर करत होती, दोघंतिघं रडत होती. गोरमाटीचा एक शब्द कोणाला कळला नव्हता. कार्यक्रम झाल्यावर एकजण त्याचा हात धरून म्हणाला, “भाई, एकदम खरं! असं खरं मी कधी ऐकलं नाही.”

पुढचे तीन आठवडे प्रेमदासला आवाज नव्हता. आज जो घोगरेपणा आहे, तो त्या रात्रीचा.

मग गाण्याचं नाव झालं. शिवशंकर म्हणाला, “गाण्याआधी ताईचं सांग ना लोकायला. तेबी कळू दे, कशापाई ओरडून राहिला.” त्याच्या मनात वाईट नव्हतं. प्रेमदासनं सांगितलं. फड, ताप, मुकादम, जीप. पुढच्या वेळी परत सांगितलं. मग दर वेळी. लोक त्याचीच वाट बघायला लागले.

एकदा दिवाळीला गावाकडं येताना, हिंगोलीच्या बसमध्ये, त्यानं मोबाईलवर आपले दोन कार्यक्रम लागोपाठ बघितले. सहा महिन्यांच्या अंतरानं झालेले. दोन्हींत त्याचा आवाज ‘जीप’ ह्याच शब्दावर फुटत होता. दोन्हींत त्यानंतर तो खाली बघत होता, दोन्हींत तेवढाच वेळ थांबत होता, आणि मान वर करताना केस त्याच हातानं मागं सारत होता. त्यानं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. ताईच्या मरणाची त्यानं चाल बसवली होती.

पुढच्या कार्यक्रमाला त्यानं ठरवलं, काही सांगायचं नाही. सरळ गाणं म्हणायचं. तर समोरून ओरडा सुरू झाला, “स्टोरी! स्टोरी!” तेव्हा प्रेमदासला जो राग आला, तसा राग त्याला वर्षभरात आला नव्हता. त्या समोरच्या दीडशे माणसांचा राग, आणि त्यांना ही सवय लावणाऱ्या स्वतःचा राग. त्या रागात तो गाणं म्हणाला. घसा पुन्हा सोलून निघाला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी इंटरनेटवर लिहिलं, ‘कालचा कोयता फसला. राग खरा वाटला नाही.’ त्याखाली चाळीस जणांनी अंगठे दिले होते.

प्रेमदासनं महिनाअखेर खोली सोडली. शिवशंकर दोनदा समजावायला आला, तिसऱ्यांदा आला नाही.

तांड्यावर परतल्यावर बेबीबाईनं त्याला एकदाच विचारलं. भाकरी थापता थापता, त्याच्याकडं न बघता.

“पुण्यात काय गात व्हता रे तू?”

“गात नव्हतो, याडी. ओरडत व्हतो.” आईला तो याडीच म्हणायचा.

“कोणावर?”

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. बेबीबाईनं परत विचारलं नाही. आणि प्रेमदासनं ती ओळ त्यानंतर कधी तोंडातून काढली नाही. अकरा वर्षं. आपण तिला चारचौघांत मिरवून खोटी केली, आता निदान पोटात तरी ती खरी राहू दे, एवढंच त्याचं म्हणणं.

आरोहीला तिच्या बापानं दुसरं लग्न झाल्यावर आजोळी आणून सोडली होती, ती इथंच राहिली. प्रेमदासनं लग्न केलं नाही. विचारणाऱ्यांना “कामाचा घोर लई” असं सांगायचा. दुकान टाकलं, पोरीला शाळेत घातलं, मग हिंगोलीला नर्सिंगला. त्यानं मनाशी एकच बांधलेलं होतं. ही पोर जायच्या दिवशी जे म्हणेल, ते मी ऐकीन. पास-नापास करणार नाही. रीतीचं कुठं संपतं आणि तिचं कुठं सुरू होतं ते मला कळेल, आणि कळलं तर मी जीप परत पाठवीन. मग तांडा वाळीत टाको, नाहीतर डोक्यावर घेवो.

स्थळं यायला लागल्यापासून त्यानं पोरीला भंडावून सोडलं. वाशिमच्या मुलाचं जमलं. मुलगा तिथल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचा, उसाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. आरोही त्याला दोनदा भेटली, फोनवर बोलली, हो म्हणाली. तरी प्रेमदासचं चालूच. जेवताना, गाडीवर, हिंगोलीच्या स्टँडवर. “खरंच व्हय ना?”

“मामा, किती येळा इचारता? व्हय म्हणलं ना!” आरोही शेवटी चिडली. तिला मामाचा लळा होता, पण असा पोलिसी तपास कोणाला आवडेल?

आता तांड्यावर ढावलो फारसं राहिलेलं नाही. पोरींना लाज वाटते. डीजेचा आवाज थांबला की दोन हुंदके द्यायचे, फोटो काढायचे आणि गाडीत बसायचं. रुपा गेल्यापासून बेबीबाईनं शिकवणं सोडलं होतं आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. पण आरोहीनं हट्ट धरला. “आईनं म्हणलं व्हतं ना? मग मला बी शिकव.” प्रेमदास दुकानात असायचा, तेव्हा दुपारी आजी-नात घरात बसून शिकायच्या. त्याला एवढंच माहीत होतं, की काहीतरी चाललंय.

लग्न वैशाखात झालं, भर उन्हात. निघायची वेळ झाली. प्रेमदासनं स्वतः जाऊन डीजे बंद करायला लावला. आरोहीनं सुरू केलं आणि पहिल्या ओळीलाच माणसं गप्प झाली; कित्येकांनी हा सूर दहा-बारा वर्षांत ऐकला नव्हता. आरोही शेजारणींच्या गळ्यात पडली, मिराबाईच्या गळ्यात पडली, आजीच्या गळ्यात बराच वेळ पडून राहिली. प्रेमदास प्रत्येक शब्द कान देऊन ऐकत होता. सगळं रीतीचं होतं. त्याला हलकं वाटायला लागलं.

मग ती त्याच्याकडं आली. दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर टाकले, कपाळ छातीला टेकवलं आणि म्हणाली, “गोठ्यात ठेव, मामा, पण ठेव. अळणी भाकर दे, पण ठेव.”

प्रेमदासनं तिला धरून लांब केलं आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. ढावलोला कोणी उत्तर देत नसतं. पाठीवरून हात फिरवायचा, आपणही रडायचं, आणि पोरीला पुढं सोडायचं, एवढीच रीत. प्रेमदासनं ती मोडली.

“हे कुठून आणलं तू?” त्यानं विचारलं. आवाज असा आला, की वऱ्हाडी दचकले. “कोणी सांगितलं तुला हे?”

आरोही रडता रडता बावरली. “आजीनं शिकवलं.”

त्यानं वळून आईकडं बघितलं. बेबीबाई खांबाला धरून उभी होती.

“याडी, हे ताईचं व्हतं,” तो म्हणाला. “ताईनं मनानं म्हणलं व्हतं. मला म्हणलं व्हतं.”

“रुपाला बी मीच शिकवलं व्हतं,” बेबीबाई म्हणाली. “मला माझ्या आईनं. तिला तिच्या आईनं.”

सगळे ऐकत होते. नवरदेवाकडचा कोणीतरी “उशीर होऊन राहिला” म्हणाला, त्याला दुसऱ्यानं कोपर मारलं. ज्या एका ओळीच्या नावानं त्यानं घसा फाडला, पोरांना रडवलं, मग लाज वाटून सगळं सोडून आला, आणि अकरा वर्षं जी तोंडात येऊ दिली नाही, ती ओळ शिकवणीतली निघाली.

“म्हंजे ताई ते... नुसतं म्हणायचं म्हणून म्हणली?”

बेबीबाई ताठ झाली. इतक्या वर्षांत तिला असा राग आलेला कोणी बघितला नव्हता. “शिकवलेलं खोटं राहते काय रे?” ती म्हणाली. “मी माझ्या बापाच्या गळ्यात पडून हेच म्हणले. मला ऱ्हायचं व्हतं. लई ऱ्हायचं व्हतं. समद्यायनी म्हणलं, काय छान रडली.”

मिराबाई खाली बघायला लागली. जमलेल्या म्हाताऱ्या बायांतलं कोणीच वर बघेना.

प्रेमदासनं आरोहीचे दोन्ही हात धरले. “तू सांग. घाबरू नको. ऱ्हायचं का तुला? व्हय म्हण, मी आत्ता गाडी परत पाठवतो.”

आरोहीनं जीपकडं बघितलं. नवरदेव दारापाशी उभा होता, चेहरा पडलेला. चांगला मुलगा होता. त्याचा ह्यात काही दोष नव्हता. तिनं मग मामाकडं बघितलं.

“मला समजून न्हाई राहिलं, मामा,” ती म्हणाली. “म्हणायच्या आधी रीतीचं व्हतं. म्हणल्यावर खरंच वाटायलं.”

“मग ऱ्हा.”

तिनं हळूच हात सोडवून घेतले. मग पदरानं तोंड पुसलं, त्याच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, “जाते.” आणि गेली. ह्या वेळी सुरात रडली नाही. जीपमध्ये बसल्यावर एकदा काचेतून बघितलं.

ते ‘जाते’ खरं की रीतीचं, हे प्रेमदासला कळलं नाही. इतकी वर्षं त्यानं ह्याच एका घडीसाठी कान राखून ठेवले होते. त्यानं विचारलं, तिनं उत्तर दिलं, आणि तरीही त्याला कळलं नाही.

जीप माळावरून वळून दिसेनाशी झाली, तेव्हा त्याच्या तोंडून आवाज फुटला. पोटातून नाही, घशातूनही नाही. कुठून तेही त्याला समजलं नाही. गुरासारखा हंबरला तो. जमिनीवर बसला, मुठीनं माती धरली आणि ओरडत राहिला. मंडपातली पोरं घाबरून आईच्या मागं लपली. बायांनी पदर डोळ्यांना लावले. आणि मिराबाई, आता ऐंशीची झालेली, शेजारणीला भरल्या गळ्यानं म्हणाली, “मामा रडावा तर असा!”

ते प्रेमदासनं ऐकलं. त्याचा आवाज तिथंच बंद झाला.

मंडळी पांगली. डीजेवाल्यानं स्पीकरचे डबे गाडीत चढवले. उन्हं उतरल्यावर बेबीबाई तांब्याभर पाणी घेऊन आली आणि त्याच्या शेजारी मातीतच बसली. तांब्या त्याच्या हातात दिला.

“तवा इचारलं व्हतं तुला,” ती मग म्हणाली. “पुण्यात कोणावर ओरडत व्हता म्हणून.”

“माझ्यावर, याडी,” प्रेमदास म्हणाला. घसा पूर्ण बसला होता, शब्द जेमतेम ऐकू आले. “ताई माझ्या गळ्यात पडून सांगत व्हती. मी हासलो.”

बेबीबाईनं त्याच्या हातातला तांब्या घेतला.

“मग माझ्यावर ओरडायचं व्हतं,” ती म्हणाली. “तू लेकरू व्हता. तुला काय कळत व्हतं? मला कळत व्हतं. लेकीला शिकवलं बी मीच, आन् ऐकून जीपमधी बशिवलं बी मीच.”

ती हात टेकून उठली, आणि अंगणातल्या उष्ट्या पत्रावळी गोळा करायला लागली. थोड्या वेळानं प्रेमदासही उठून तिच्या मागं गेला.